वेर्मेंतिनो आणि मासे नसलेलं ताट

सागरगोटी

इटलीच्या किनाऱ्यावरची पांढरी वाइन म्हटलं की पुढचा सल्ला ठरलेला: सोबत मासे घ्या. वेर्मेंतिनोच्या (हे द्राक्षाचं नाव, आणि त्याच्या वाइनचंही) बाबतीत हे अर्धंच खरं आहे असं माझं ठाम मत आहे, आणि त्यासाठीच हा धागा काढतेय.

मी जेनोआत राहते. लिग्युरिया प्रांताचा नकाशा काढून बघा. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी, बस्स. सपाट जमीन नाही, गुरांना पुरेशी कुरणं नाहीत. त्यामुळे इथलं रोजचं जेवण लोण्यावर आणि मांसावर चालत नाही. ऑलिव्हचं तेल, बेसिल, रानातला पाला, हरभऱ्याचं पीठ, अक्रोड, पाइनच्या बिया यांवर चालतं. समुद्र उशाला असूनही घरोघरी रोज मासा शिजतो असं नाही. आणि वेर्मेंतिनो याच जेवणाच्या शेजारी वाढलेली वाइन आहे. तिला लिंबाचा, हिरव्या सफरचंदाचा आणि उन्हात तापलेल्या रानझुडपांचा वास असतो, घोट गिळला की मागे कडू बदामाची पुसट चव राहते. ही कडसर चव हिरव्या पाल्याला जितकी शोभते तितकी कुठल्याही माशाला शोभत नाही.

आता प्रश्न. सप्टेंबरात आई-बाबा येताहेत. दोघंही शाकाहारी, अंडंही नाही. बाबा आवडीने एखादा पेला घेतात, आई घेत नाही. जेनोआ, ला स्पेत्सिया आणि चिंक्वे तेर्रे (समुद्रकाठच्या कड्यांवरची पाच गावं) असा बेत आहे. बाबांना वेर्मेंतिनोची गंमत नीट कळावी यासाठी कुठे काय खायला घालू? मासे खाणाऱ्यांनी वाद घातला तरी चालेल, उलट घालाच.

दर्यावर्दी

पहिली हरकत माझी. व्यापारी जहाजांवर इंजिनरूममध्ये नोकरी झाली, जेनोआ बंदर चांगलं ओळखीचं. जुन्या बंदरासमोर सोत्तोरिपाच्या कमानी आहेत ना, तिथे तळणाची दुकानं आहेत. कागदाच्या पुडीत गरमागरम अँकोव्ही, माकुलाच्या चकत्या, वर लिंबू. त्यासोबत गार वेर्मेंतिनो. तळणाचं तेल आणि मीठ जिभेवरून धुऊन निघतं, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. यापेक्षा चांगली जोडी मला दाखवा, मग पाल्याचं बोलू.

आपली मांदेली ही अँकोव्हीच्याच कुळातली. कोकणातल्या माणसाला त्या पुडीतला वास परका वाटत नाही.

हिरवा_वाटाणा

दर्यावर्दीकाका, त्याच कमानींखाली फारिनाता मिळते, ती कशी विसरलात? हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल. बास, एवढंच. पीठ पातळ भिजवून काही तास ठेवायचं, वर आलेला फेस काढायचा आणि कल्हई केलेल्या मोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजायचं. कडा कुरकुरीत, आतून मऊ. आपल्या बेसनाच्या पोळ्याची ही थोरली बहीण. वरून फक्त मिरपूड.

सागरगोटी, बाबांना पहिला घोट फारिनातासोबतच द्या. हरभऱ्याच्या पिठाला एक खमंग कडसरपणा असतो, तो आणि वाइनचा कडू बदाम एकमेकांना लगेच ओळखतात. पण एक बघून ठेवा, जुन्या दुकानांत भट्टी ठरावीक वेळेलाच पेटते. आधी विचारून जा.

दर्यावर्दी

विसरलो नाही हो, फारिनाताही खाल्ली आहे. पण पुडी संपल्यावर.

टिपूर

हा धागा उपाशीपोटी उघडायचा नव्हता.

रानजाई

वेर्मेंतिनोचा धागा आणि अजून सार्डिनिया बेटाचं नाव नाही? मी काही वर्षं सास्सारीला संशोधनासाठी होते, म्हणून तिथली बाजू मांडते.

सार्डिनियाच्या ईशान्य टोकाला गाल्लूरा नावाचा भाग आहे. सगळीकडे ग्रॅनाइट. वाऱ्याने कोरून काढलेले खडक, मध्ये बुचाच्या ओकची झाडं आणि त्यांच्यामध्ये द्राक्षाचे मळे. जमीन म्हणजे ग्रॅनाइटचाच चुरा, पाणी धरून ठेवत नाही, वेलीला कष्ट पडतात. वर वायव्येचा माएस्त्राले वारा. तो सुटला की माणसाला उभं राहणं कठीण होतं, पण द्राक्षाचे घड कोरडे राहतात, बुरशी धरत नाही. इथल्या ‘वेर्मेंतिनो दि गाल्लूरा’ला १९९६ मध्ये डीओसीजी हा इटलीतला सर्वांत वरचा दर्जा मिळाला. सबंध सार्डिनियात हा दर्जा असलेली ही एकच वाइन. तिच्यात किमान ९५ टक्के वेर्मेंतिनो लागतं, अल्कोहोल किमान १२ टक्के, आणि ‘सुपेरिओरे’ लिहिलेलं असेल तर किमान १३.

लिग्युरियाची वेर्मेंतिनो सडसडीत असते, गाल्लूराची अंगापिंडाने भरलेली. म्हणून तिच्यापुढे जेवणही तसंच लागतं. फ्रेगोला नावाचे रव्याचे भाजलेले बारीक गोळे शिंपल्यांच्या रश्शात शिजवतात. आपल्याकडच्या तिसऱ्या असतात ना, त्याच जातकुळीतल्या शिंपल्या. ते ताट आणि गाल्लूराची बाटली ही माझ्या मते या द्राक्षाची सर्वोत्तम जागा. सागरगोटी, पाल्याचं तुझं म्हणणं लिग्युरियापुरतं मान्य. द्राक्षापुरतं नाही.

सागरगोटी

रानजाई, हे आवडलं. पण गाल्लूरातच सुप्पा गाल्लुरेसे करतात ना? नाव सूपचं आणि प्रत्यक्षात पावाचे आणि चीजचे थर रश्शात भिजवून भाजलेले. त्यासोबतही लोक हीच वाइन घेतात. तिथे मासा कुठे आहे?

रानजाई

तो रस्सा मेंढीच्या किंवा गाईच्या मांसाचा असतो. बाबांना देऊ नकोस! भाजीच्या रश्शात घरी करता येईल.

शाकाहाऱ्यांसाठी सार्डिनियातून एकच नाव सांगेन, कुलुर्जोनेस. बटाटा, पेकोरिनो चीज आणि पुदिन्याचं सारण, कणसाच्या दाण्यांसारखी गुंफलेली शिवण. पूर्वेकडच्या ओल्यास्त्रा भागातला पदार्थ. पुदिना आणि वेर्मेंतिनो एकत्र आले की वाइनमधला रानझुडपांचा वास उघड होतो.

मळेवाला_दिंडोरी

वाऱ्याचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे नाशिक भागात वाइनच्या द्राक्षाची काढणी साधारण जानेवारी ते मार्च, म्हणजे थंडीत पिकून उन्हाच्या तोंडावर काढायची. तिकडे सप्टेंबर. आमची खरी लढाई छाटणीनंतरच्या अवकाळीशी आणि डाउनी या बुरशीच्या रोगाशी. वारा सुटला की आम्हीही सुटकेचा श्वास टाकतो, पण इतका जोराचा वारा वेलीच्या फांद्या मोडत नाही का? मांडव कसा करतात?

रानजाई

मळेवालेदादा, जुन्या मळ्यांत मांडवच नसतो. वेल बुटकी ठेवतात, झुडपासारखी, कुठल्याही तारेशिवाय. जमिनीजवळ वाऱ्याचा मार कमी बसतो आणि रात्री दगडाची ऊबही मिळते. पाणी कमी असतं तिथे ही पद्धत टिकते. नव्या मळ्यांत तारांवर चढवतात, कारण यंत्र आणि ट्रॅक्टर फिरवायचा असतो. उत्पन्न वाढतं. चव मात्र जुन्या बुटक्या वेलींची जास्त दाट, हे तिथले शेतकरी सांगायचे आणि मलाही पटलं.

मळेवाला_दिंडोरी

आभार. बुटकी वेल आमच्या काळ्या जमिनीत आणि पावसात कुजेल, पण कारण समजलं.

पैलतीर

मळ्यांचा विषय निघालाच आहे तर सागरगोटी, चिंक्वे तेर्रेत फक्त रंगीत घरांचे फोटो काढून परत येऊ नका. मागच्या डोंगराकडे बघा. सरळ समुद्रात उतरणाऱ्या कड्यावर दगडी बांध घालून पायऱ्या केल्यात, चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड. या भूदृश्याला युनेस्कोने १९९७ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. आणि असे कोरडे बांध रचण्याची कला २०१८ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत गेली, इटलीसह आठ देशांची मिळून.

बांध पडला की मळा खाली येतो. तरुण माणसं गावं सोडून गेली तसे बांध ढासळत गेले. २५ ऑक्टोबर २०११ च्या पावसात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो या गावांत चिखलाचे लोंढे घुसले, तेव्हा बेवारस पडलेल्या पायऱ्यांची चर्चा फार झाली. तिथली एक बाटली विकत घेणं म्हणजे कुणाला तरी बांध पुन्हा रचायला पैसे देणं. मला हे वाइनच्या चवीइतकंच महत्त्वाचं वाटतं.

चिंक्वे तेर्रेच्या पांढऱ्या वाइनमध्ये मुख्य द्राक्ष बोस्को. नियमाने किमान ४० टक्के. सोबत आल्बारोला आणि वेर्मेंतिनो. द्राक्षाचे क्रेट डोंगरावरून खाली आणायला दातेरी रुळावर चालणारी छोटी गाडी असते, एका रुळाची. ती दिसली तर बाबांना नक्की दाखवा.

हिरवा_वाटाणा

+१. आणि तिथेच स्याक्केत्रा नावाची गोड वाइन मिळते. घड सावलीत वाळवायचे, मग मणी एकेक करून वेगळे करायचे आणि पिळायचे. भरपूर द्राक्षांतून थोडीशीच निघते म्हणून महाग. कोरड्या बिस्किटांसोबत छोट्या पेल्यात घेतात.

चाळणी

सगळे इतकं छान लिहिताय, पण शाकाहारी म्हणून तीन गोष्टी कुणी बोललं नाही.

एक, पेस्तो, म्हणजे बेसिल वाटून केलेली जेनोआची चटणी. खऱ्या पेस्तोत पार्मिज्यानो रेज्यानो आणि फियोरे सार्दो ही चीज पडतात. पार्मिज्यानोला वासराचं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) लागतं, फियोरे सार्दोला कोकराचं किंवा करडाचं. हे रेनेट प्राण्याच्या पोटातून काढतात. सागरगोटीच्या आई-बाबांना हे चालतं का, ते त्यांना आधी विचारायला हवं. न सांगता खायला घालू नये.

दोन, वाइनसुद्धा. ती नितळ करायला काही जण अंड्याचा बलक सोडून पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशाच्या फुग्यापासून केलेला आयसिंग्लास वापरतात. काही बेंटोनाइट माती वापरतात. अंडं आणि दूध शिल्लक असेल तर युरोपात लेबलवर लिहावं लागतं, पण माशापासूनच्या आयसिंग्लासला त्यातून सूट आहे. म्हणून वाइनवर ‘वेगन’ लिहिलेलं बघून घ्या, ते सोपं.

तीन, तोर्ता पास्कुआलीना हा पालेभाजी भरून भाजलेला सुंदर पदार्थ म्हणून कुणीतरी सुचवेलच, त्यात अख्खी अंडी फोडून घातलेली असतात.

सागरगोटी

चाळणी, हा प्रतिसाद सोन्यासारखा. आईला रेनेट चालणार नाही, बाबांना विचारते. घरी मी पेस्तो करते तेव्हा वनस्पतीजन्य रेनेटचं चीज घालते. इथे पाकिटावर ‘कालिओ वेजेताले’ असं लिहिलेलं मिळतं. त्रोफिये पास्ता मात्र नुसत्या पिठाचा आणि पाण्याचा असतो, अंडं नाही, त्यामुळे तो चालेल.

खमंगपणे

पेस्तो आणि पांढरी वाइन? माझं मत स्पष्ट आहे, कच्चा लसूण कुठल्याही वाइनला मारतो. पुण्यात मित्राकडे हा प्रयोग झाला, वाइनची चव गेली ती गेलीच. शिवाय तुळस घातली होती, ती तर जिभेवर चढूनच बसली.

सागरगोटी

खमंगपणे, तुळस आणि इटलीची बेसिल या वेगळ्या जाती आहेत. तुळस उग्र, लवंगेच्या अंगाने जाणारी. पेस्तोला लागते ती जेनोआची कोवळी बेसिल. जेनोआच्या पश्चिमेला प्रा नावाचा भाग आहे, तिथे ती काचघरांत वाढवतात आणि रोप वीतभर व्हायच्या आतच मुळासकट उपटून जुड्या बांधतात. पानं लहान आणि आतल्या बाजूला वळलेली. मोठ्या पानांना पुदिन्याचा वास यायला लागतो, तो इथल्या लोकांना मुळीच खपत नाही.

लसणाचंही तेच. इंपेरिया जिल्ह्यात वेस्सालिको गावाचा लसूण असतो, सौम्य, जिभेला न भाजणारा. घरच्या मापाला एखादी पाकळी, त्याहून जास्त नाही. लसूण आणि जाडं मीठ आधी संगमरवरी खलात वाटायचं, मग पानं, मग पाइनच्या बिया, चीज आणि शेवटी तेल. लाकडी बत्ता गोल फिरवायचा, ठोकायचा नाही. मिक्सरमध्ये पातं तापतं, पान काळपट पडतं आणि कडू होतं. लसूण वाइनला मारतो तो प्रमाण सुटल्यावर.

आणि गंमत बघा. तो खल ज्या कर्राराच्या संगमरवराचा, त्या डोंगरांच्या पायथ्याशीच कोल्ली दि लूनीचे मळे आहेत. रोमन काळात हा संगमरवर लूनीच्या बंदरातून जहाजांवर चढायचा. आज तिथे लिग्युरियातली माझी सर्वांत आवडती वेर्मेंतिनो होते, कास्तेल्नुओवो माग्रा आणि सार्झाना या गावांच्या आसपास. एकाच डोंगराच्या पायथ्याशी खल आणि बाटली. पेस्तोसोबत तिचाच पेला भरा, खमंगपणे, आणि मग परत बोलूया.

खमंगपणे

सौम्य लसूण मिळाला तर करून बघतो. मत अजून बदललेलं नाही.

दर्यावर्दी

त्रोफियेसोबत त्याच पाण्यात बटाटा आणि फरसबी उकडून घालतात, ते लिहायचं राहिलं. पेस्तो त्या बटाट्याला धरून बसतो. हे मी मासेखाऊ असूनही सांगतोय.

अणुरेणू

सगळीकडे लिहिलेलं असतं, ‘या वाइनमध्ये समुद्राचा खारेपणा आहे’. रसायनशास्त्राच्या बाजूने थोडं.

ग्रॅनाइटला चव नसते. मुळं दगड चोखत नाहीत, पाण्यात विरघळलेली खनिजं अतिशय कमी प्रमाणात घेतात आणि त्यातलं फारच थोडं वाइनमध्ये जिभेला कळेल इतकं असतं. समुद्राजवळच्या मळ्यात खारा तुषार द्राक्षाच्या सालीवर बसतो हे खरं. पण किनाऱ्यापासून आत, डोंगरावर पिकलेली वेर्मेंतिनोसुद्धा खारट भासते, ते त्या तुषारामुळे नसणार. फळाचा गोडवा कमी, आम्लता नेटकी आणि शेवटी कडसरपणा, हे तिन्ही एकत्र आले की जिभेला ‘खारं’ वाटतं. त्यामुळे खारट पदार्थांसोबत ती बसते याचं श्रेय समुद्राला देण्याआधी द्राक्षाला द्या.

माशांच्या बाबतीत एक नक्की माहीत आहे. वाइनमध्ये लोह जास्त असेल तर माशाबरोबर ती पिताना तोंडात मच्छीचा वास रेंगाळतो, हे जपानमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं. लाल वाइन आणि मासे यांचं का बिनसतं याचं हे एक चांगलं उत्तर आहे.

रानजाई

अणुरेणू, शास्त्र मान्य. पण सार्डिनियातल्या काब्रासच्या खाडीकाठी बसून बोत्तार्गा खाल्लात तर श्रेय समुद्रालाच द्याल. बोत्तार्गा म्हणजे बोय माशाची गाभोळी, मीठ लावून, दाबून, वाळवलेली. किसून स्पागेत्तीवर टाकतात. मालवण-रत्नागिरीच्या माणसाला गाभोळीची थोरवी वेगळी सांगायला नको.

दर्यावर्दी

अखेर माझ्या बाजूचं कुणीतरी आलं!

रानजाई

थांबा काका. काब्रासचे लोक बोत्तार्गासोबत वेर्मेंतिनो नाही, स्वतःची ‘वेर्नाच्या दि ओरिस्तानो’ ही वाइन पितात. पिंप पूर्ण भरत नाहीत, वर यीस्टचा पापुद्रा धरू देतात, वर्षानुवर्षं मुरवतात. अक्रोड-बदामाच्या चवीची, गडद सोनेरी. सार्डिनियाची ही पहिली डीओसी (डीओसीजीच्या खालचा दर्जा), १९७१ ची. तेव्हा तिथेही तुमचा मासा वेर्मेंतिनोच्या वाट्याला येत नाही.

दर्यावर्दी

आलेलं माणूस लगेच गेलं.

पैलतीर

थोडं अवांतर. पिगातो नावाची वाइन लिग्युरियातल्या आल्बेंगाच्या बाजूला मिळते. डीएनए चाचणीत ती आणि वेर्मेंतिनो एकच द्राक्ष निघाली. पीदमाँतमधली फावोरिताही तीच, आणि फ्रान्सच्या प्रोव्हान्समधली रोलसुद्धा. कोर्सिकातही हेच द्राक्ष. कोर्सिका १७६८ पर्यंत जेनोआच्या ताब्यात होतं आणि सार्डिनियापासून बोनिफाच्योच्या सामुद्रधुनीपलीकडे दिसतं, त्यामुळे वेल बोटीतून इकडून तिकडे गेली असेल तर नवल नाही. आल्बेंगाच्या शेतकऱ्याला मात्र ‘पिगातो म्हणजे वेर्मेंतिनो’ म्हणून बघा. जेवण अर्धं राहील.

चाळणी

चाचणीत एक निघाली तरी लागवडीत फरक आहेच. एकाच जातीच्या वेली एका गावात पिढ्यान्‌पिढ्या निवडून लावल्या की त्यांचा स्वभाव बदलतो. पिगातो मला जास्त दाट, जर्दाळूकडे झुकणारी लागते. आल्बेंगाच्या शेतकऱ्याची बाजू मी घेईन.

तोरिनोचा_विद्यार्थी

इथे आम्ही मराठी पोरं आठवड्याच्या शेवटी एकत्र स्वयंपाक करतो. सुपरमार्केटात आठ ते पंधरा युरोत चांगली वेर्मेंतिनो मिळते, त्यामुळे आमची बाटली तीच. आमच्या ताटावरचा अनुभव सांगतो: कोथिंबीर वडी उत्तम. सुरळीची वडी फार उत्तम, कारण तिखट जवळपास नसतंच. मिरचीचा ठेचा वाईट. मटकीची उसळ तर वाइनला उभीच राहू देत नाही.

अणुरेणू

मिरचीची आग आणि अल्कोहोल एकमेकांना वाढवतात. तिखट खायचं असेल तर कमी अल्कोहोलची, हलकी ‘वेर्मेंतिनो दि सार्देन्या’ घ्या. गाल्लूरा सुपेरिओरे ठेच्यासोबत अजिबात नको.

टिपूर

किती गार करायची? आमच्याकडे मुंबईत फ्रीझरमध्ये टाकून बर्फासारखी करतात. भारतात आयात वाइनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं, एवढे पैसे मोजून चवच लागली नाही तर वाईट वाटतं.

हिरवा_वाटाणा

टिपूर, दहा अंशांच्या आसपास. गाल्लूराची भारदस्त बाटली असेल तर बारापर्यंत. फार गार केली की वास मिटतो आणि कडूपणा तेवढा पुढे येतो. फ्रिजमधून काढून जरा वेळ बाहेर ठेवायची. आणि साधी वेर्मेंतिनो तरुण असतानाच प्यावी, दोन-तीन वर्षांत. कपाटात जपून ठेवू नये.

सागरगोटी, मूळ प्रश्नाकडे येऊ. माझा बेत असा:

जेनोआत दुपारी फारिनाता आणि साधा फोकाच्चा (ऑलिव्ह तेलाचा चपटा पाव), सोबत रिविएरा लिगुरे दि पोनेंतेची, म्हणजे लिग्युरियाच्या पश्चिम किनाऱ्याची वेर्मेंतिनो. पेस्तो बाहेर खाऊ नका, तुमच्या घरीच करा, तुमच्या चीजचा, आणि कोल्ली दि लूनी उघडा. ला स्पेत्सियात मेश्चूआ. हरभरे, पांढरा राजमा आणि गहू वेगवेगळे शिजवून एकत्र केलेलं सूप, वर कच्चं ऑलिव्ह तेल आणि मिरपूड. बंदरात पोती उतरवताना सांडलेले दाणे गोळा करून बायका हे सूप करायच्या असं तिथे सांगतात. यात ना चीज, ना अंडं. बाबांना उसळीची आठवण येईल आणि तिखट नसल्यामुळे वाइन शाबूत राहील.

आर्टिचोक ही भाजी मात्र टाळा. त्यात सायनारिन असतं, त्यानंतर प्यायलेली वाइन उगाच गोडसर लागते.

सागरगोटी

आर्टिचोक सोडून सगळं मान्य. आर्टिचोकचे कच्चे पातळ काप, लिंबू आणि तेल यासोबत वेर्मेंतिनो मला आवडते. पण सप्टेंबरात त्याचा मोसमच नसतो, तेव्हा यंदा वाद टळला.

मेश्चूआचं डोक्यातच आलं नव्हतं, फार आभार. बाबांशी फोनवर बोलले. रेनेटचं त्यांनाही नको आहे, म्हणजे पेस्तो घरीच.

चाळणी

आईंचं काय? त्या वाइन घेत नाहीत म्हणून त्यांच्यापुढे नुसतं पाणी ठेवू नका. सावोना भागात किनोत्तो नावाचं छोटं कडवट संत्रं पिकतं, त्याचं सरबतासारखं फसफसतं पेय इटलीभर मिळतं. लिंबू, कडसरपणा, थोडा गोडवा. फारिनातासोबत तेही छान बसेल.

सागरगोटी

आईला कडवट आवडतं, कारल्याची भाजी मागून घेते. किनोत्तो आणते.

दर्यावर्दी

आणि तुम्ही तिघं सोत्तोरिपात फारिनाता घ्याल तेव्हा शेजारच्या काउंटरवरून एक पुडी स्वतःसाठी घ्या. त्यानंतर तुमचं मत इथे येऊन लिहा.

सागरगोटी

काका, पुडी घेईन. मत आधी लिहिलंय तेच राहील असं वाटतंय, पण घेईन नक्की.